हात लावू नये

जबलपूरच्या चेरीतालमध्ये मला सगळे ‘विमानवाले काका’ म्हणतात. गल्लीतल्या दोन पिढ्यांचा समज असा, की मी पायलट होतो. दूधवाला अजूनही कधीमधी विचारतो, “काकाजी, आपने कौन-कौन सा जहाज उड़ाया?” सुरुवातीला मी खरं सांगायचो. आता नाही सांगत, कारण खरं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. मी आयुष्यात एकही विमान उडवलेलं नाही. चौतीस वर्षं विमानांचे कागद तपासले, आणि बहुतेक वेळा ‘हे सध्या चालणार नाही’ असं लिहून खाली सही केली.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी काही लिहा, म्हणून संपादकबाई गेली तीन वर्षं मागे आहेत. “नोकरीतल्या गमती लिहा, पिंपळखुटेकाका,” असं त्यांचं म्हणणं. गमती आहेत, एखाददुसरी सांगतोही. पण मुख्यतः जे लिहून राहिलो आहे ती गंमत नाही. (‘लिहून राहिलो’ तसंच राहू द्यावं ही विनंती. आमच्या घरात चार पिढ्या असंच बोलतात.)

काम काय होतं ते आधी सांगतो. एका पंख्याचं, दोन-चार माणसांचं लहान विमान कारखान्यातून निघतं, तेव्हा त्याच्याबरोबर त्याची कुंडलीही येते. कोणती वायर कुठून गेली, कोणता स्क्रू किती लांबीचा, सगळं त्यात असतं. पुढे मालकाला त्या विमानात काहीही नवीन बसवायचं असेल, तर आमच्या खात्याची मंजुरी लागते. मी भोपाळच्या कार्यालयात होतो. ज्या दिवसांची ही गोष्ट, तेव्हा प्रत्येकाला एकच वस्तू बसवायची होती, ती म्हणजे जीपीएस. आता ते प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये असतं, त्यामुळे एक चौकोनी डबी विमानात बसवायला एवढे कागद काहून लागत होते, हे लोकांना पटत नाही.

डबी वीज खाते, ती विमानाला झेपते का हे पाहावं लागतं. तिला वजन असतं, त्याने विमानाचा तोल हलतो. तिच्याजवळचं होकायंत्र तिच्यामुळे चार अंश खोटं बोलायला लागू शकतं. आणि सगळ्यात नाजूक प्रकरण म्हणजे छतावर बसवलेला तिचा अँटेना. उपग्रह फार लांबून बोलतो. त्याचा आवाज खाली पोहोचेपर्यंत इतका बारीक झालेला असतो, की मदन महलच्या टेकडीवर कोणी कुजबुजावं आणि आपण ओमतीच्या चौकात उभं राहून ते ऐकावं. आता त्याच वेळी पायलटने रेडिओवर बोलायला बटण दाबलं, तर चौकातून बँडबाजा गेल्यासारखं होतं. कुजबुज गेली. हे सगळ्या फ्रिक्वेन्सींवर होत नाही, ठराविक फ्रिक्वेन्सींवर होतं, आणि रेडिओचा अँटेना किती जवळ आहे त्यावर ठरतं. म्हणून प्रत्येक विमानात वेगळं तपासायचं आणि लिहून द्यायचं, असा नियम.

भेडाघाटकडचे एक संगमरवरवाले शेठ होते, त्यांचं स्वतःचं चार सीटचं विमान होतं. त्यांनी मोटारीतला जीपीएस रबरी चकतीने विमानाच्या काचेला चिकटवला आणि मंजुरीसाठी अर्ज केला. मी बघायला गेलो. शेठनी मोठ्या कौतुकाने तो सुरू केला. आम्ही धावपट्टीच्या टोकाशी उभे, आणि आतून बाईचा आवाज आला, “कृपया यू-टर्न लीजिए.”

“हवा में ये चुप हो जाती है, साहब,” शेठ म्हणाले.

“कितनी देर?”

“जब तक सड़क नहीं मिलती.”

मी अर्ध्या पानात नकार लिहिला. त्या नकाराचा मला आजही अभिमान आहे. असे पुष्कळ नकार दिले, त्यांनी माझी झोप कधी मोडली नाही. एकच फाइल अशी आहे, की अजून एप्रिल आला आणि हवेत जळक्या पानांचा वास आला, की ती माझ्यासमोर येऊन पडते.

आमच्या गावच्या विमानतळावर तेव्हा विमान शिकवणारी एक खाजगी शाळा होती. कॅप्टन नंदिनी रेगे तिथल्या मुख्य शिक्षिका. मूळच्या पुण्याच्या. नवरा लष्करात डॉक्टर, त्याच्या बदलीबरोबर जबलपूरला आल्या, आणि त्याची पुढची बदली झाली तरी या इथेच राहिल्या. पन्नाशीच्या, आखूड केस, आवाज असा की हँगरच्या या टोकावरून बोललं तर त्या टोकाला टेबलावरचा कप उचलून लोक उभे राहायचे. आपल्याकडे मोहाची फुलं वेचायच्या आधी लोक झाडाखालची पानं जाळतात. मार्च-एप्रिलमध्ये मंडल्याकडच्या सगळ्या जंगलावर तो धूर उभा राहतो. वरून जमीन दिसेनाशी होते, आणि एकट्याने उडणारी मुलं रस्ता चुकतात. म्हणून शाळेच्या चार सीटच्या जुन्या विमानात जीपीएस बसवायचा, हा रेगे मॅडमचा ध्यास होता. त्यांनी तो बसवलाही. विमानात दिशा दाखवणारं एक जुनं सुईचं यंत्र होतं, जागा करायला ते काढून टाकलं. आणि फाइल माझ्या टेबलावर आली.

फाइल नीट होती, एक गोष्ट सोडून. रेडिओच्या तपासणीचा जो अहवाल जोडला होता, तो दुसऱ्याच कुठल्या विमानाचा होता. नकाशात मात्र दिसत होतं, की या विमानात दोन अँटेना जेमतेम दोन वितींवर आहेत. मी पत्र लिहिलं: ह्याच विमानात, जबलपूरच्या टॉवरच्या फ्रिक्वेन्सीवर तपासणी करा आणि अहवाल पाठवा. तोपर्यंत यंत्राची वीज तोडणारा ब्रेकर बाहेर ओढून त्यावर क्लिप लावा, पडद्यावर झाकण बसवा, आणि झाकणावर पाटी लावा, हात लावू नये.

दोन दिवसांनी फोन आला.

“पिंपळखुटे साहेब, तुम्ही कधी धुरात विमान उडवलंय?”

“नाही मॅडम.”

“साधं, धुराशिवाय?”

“नाही.”

“मग तिथे खुर्चीत बसून तुम्हाला दिसतं तरी काय?”

“अँटेना दोन वितींवर दिसून राहिला, मॅडम.”

फोन आपटल्याचा आवाज आला. पुढच्या आठवड्यात तोच जुना अहवाल नवं पत्र जोडून परत माझ्याकडे आला.

आता खरं ते लिहितो. तपासणी अर्ध्या तासाची होती. शाळेचे इंजिनियर दुबेजी माझ्या चांगल्या ओळखीचे. मी त्यांना एक फोन करून “दुबेजी, ये कर के भेज दीजिए” म्हटलं असतं, तर तिसऱ्या दिवशी कागद आला असता. मी तो फोन केला नाही. ‘खुर्चीत बसून’ हे मला लागलं होतं. मी आणखी एक कोरडं पत्र पाठवलं, त्याचं उत्तर आलं नाही, आणि फाइल ढिगाच्या खाली गेली. कोणी विचारलं असतं तर मी नियम दाखवला असता आणि नियम माझ्याच बाजूने होता. आमच्या नोकरीत राग लपवणं फार सोपं असतं. फाइल सात महिने पडून होती.

एप्रिलमध्ये शाळेच्या वार्षिक तपासणीसाठी मी जबलपूरला आलो. दिवसभर नोंदवह्या बघितल्या. रेगे मॅडम कामापुरतं बोलत होत्या. साडेतीनला त्यांची एक विद्यार्थिनी त्याच विमानातून एकटी निघाली. केतकी बक्षी, मदन महलला राहणारी, एकोणीस वर्षांची, हसली की आधी तोंडावर हात ठेवणारी. जबलपूरहून मंडला, तिथून नर्मदेच्या वरच्या अंगाने डिंडोरी, आणि परत. सव्वापाचपर्यंत यायला हवी होती.

पाचच्या सुमाराला ऑफिसातल्या रेडिओवर तिचा आवाज आला. शिकवल्याप्रमाणे इंग्रजीत बोलत होती, पण तुटक. नर्मदेच्या कडेने चालली आहे, मंडल्याच्या दक्षिणेला आहे, डिंडोरी अजून दिसत नाही.

रेगे मॅडमची पेन्सिल थांबली. मंडल्याच्या दक्षिणेला नर्मदा नाहीच. तिथे दक्षिणेकडून येऊन मिळते ती बंजर. धुरात पोरीने चुकीच्या नदीचा हात धरला होता आणि ती कान्हाच्या जंगलावर जाऊन पोहोचली होती.

मॅडमनी माईक ओढला. इंग्रजी सोडून दिली. “केतकी, नदी दिसते आहे का आत्ता?”

“नदी होती, मॅडम. आता दिसून नाही राहिली. खाली सगळी झाडं आहेत.”

“घाबरू नकोस. वायव्येला तोंड कर. उंची वाढव.”

“हो मॅडम.”

हे बरोबरच होतं, पण पुरेसं नव्हतं. ती नेमकी कुठे आहे हे माहीत नसताना वायव्येला निघालं, आणि दहा अंशांचा फरक पडला, तर त्या धुरात जबलपूर दहा कोसांवरून निघून जाईल आणि तिला कळणारही नाही. टॉवरवर रडार नव्हतं. जुनं सुईचं यंत्र काढलेलं. तास-दीड तासाचं पेट्रोल, आणि साडेसहाला सूर्य मावळणार. ते विमान अंधारात उडायचं नव्हतं, तीही नव्हती.

रेगे मॅडमनी माईक खाली धरला आणि त्या दिवसात पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

“झाकण काढायला सांगते आहे मी. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा.”

“सांगा,” मी म्हणालो. “संकटात पायलटला नियम मोडायची मुभा आहे. पण एक मिनिट, आधी ऐका. ते यंत्र सात महिने बंद आहे. सुरू केल्यावर त्याला सगळं आकाश पहिल्यापासून शोधावं लागेल. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. आणि त्या वेळात ती रेडिओवर बोलली, तर शोधलेलं हातचं जाईल.”

“नक्की?”

“नक्की नाही माहीत. तेच तर तपासून मागितलं होतं.”

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला वाटलं, हे आत्ता बोलायला नको होतं. मॅडमनी ते सोडून दिलं.

“म्हणजे तिने बोलायचं नाही.”

“एक शब्द नाही. तुम्ही बोला. तुमचं तिला ऐकू येईल, त्याने काही बिघडत नाही. तिने उत्तर द्यायचं नाही.”

“साहेब, एकोणीस वर्षांची मुलगी आहे. एकटी आहे वर. तिला मी सांगू, की गप्प बस?”

“हो.”

दुबेजी दारात येऊन उभे होते. म्हणाले, “मैडम, बोले नहीं, लेकिन बटन तो दबा सकती है. लोकेशन मिल जाए तो बस दो बार, खट-खट. हमको सुनाई देगा.” मी मान हलवली. एवढं चालणार होतं.

टॉवरवरचा अधिकारी त्याच फ्रिक्वेन्सीवर ऐकत होता, त्याचा फोन आला. म्हणाला, “मैडम, आप जिस भाषा में चाहें बात कीजिए. बाकी किसी को मैं बोलने नहीं दूँगा.”

“केतकी,” रेगे मॅडम म्हणाल्या, “समोर झाकण आहे ना, जीपीएसवर? ते काढ. ब्रेकरवरची क्लिप काढ आणि ब्रेकर आत दाब.”

मग ती म्हणाली, “पण मॅडम, त्याच्यावर लिहिलं आहे, हात लावू नये.”

तेव्हा मला कळलं, की ती पोर कितीतरी वेळ हरवून फिरत होती, यंत्र तिच्या डोळ्यांपुढे वीतभर अंतरावर होतं, आणि तिने त्याला बोट लावलं नव्हतं. सांगितलेलं ऐकणारी मुलगी होती ती.

“सांगा तिला,” मी म्हणालो, “ज्याने ते लिहिलं, तोच सांगून राहिला.”

मॅडमनी तसंच सांगितलं. “ज्यांनी ती पाटी लावायला सांगितली, ते साहेब माझ्या शेजारी उभे आहेत. ते म्हणतात, काढ. आणि आता नीट ऐक. यानंतर तू बोलायचं नाहीस. मी विचारलं तरी नाही. पडद्यावर आपलं ठिकाण आलं, की रेडिओचं बटण नुसतं दोनदा दाबायचं. मी बोलत राहते. कळलं? उत्तर देऊ नकोस.”

उत्तर आलं नाही. मी घड्याळ बघितलं.

त्या यंत्राचं पुस्तक मी शब्दन् शब्द वाचलं होतं, दोनदा. नकार द्यायचा तर वाचूनच द्यायचा, ही माझी सवय. कोणतं बटण, मग कोणतं, जबलपूरचं नाव कसं निवडायचं, हे मी सांगत गेलो आणि मॅडम माझ्यामागे सावकाश, एकेक शब्द दोनदा म्हणत गेल्या. हे चार मिनिटांत संपलं. त्यानंतर सांगण्यासारखं काही उरलं नाही, आणि तरी बोलत राहायचं होतं.

त्यांनी सांगितलं, की दुबेजींनी चहा ठेवला आहे आणि नेहमीप्रमाणे आलं जास्त घातलं आहे. सांगितलं, की तुझं उतरणं अजूनही बेडकासारखं आहे, आज चाक एकदाच टेकलं पाहिजे. आपल्या पहिल्या एकट्या उड्डाणाची गोष्ट सांगितली, त्यात त्या कशा दुसऱ्याच धावपट्टीवर उतरणार होत्या ते. मला ती गोष्ट खरी वाटली नाही, पण चांगली होती. मधून मधून, “वेग बघ. उंची बघ. वायव्य.” स्पीकरमधून नुसती खरखर.

नवव्या मिनिटाला घसा कोरडा पडला म्हणून त्यांनी पाण्याचा पेला उचलला. तेवढ्यात स्पीकर बोलला, “मॅडम, तुम्ही आहात ना?”

“आहे. आहे मी. बोलू नकोस.”

तेवढ्याने वर काय पुसलं गेलं, काय नाही, आम्हाला कळायला मार्ग नव्हता. पण पेला टेबलावर गेला, आणि नंतर त्या श्वास घेण्यापुरत्याही थांबल्या नाहीत. सांगायचं सगळं संपलं तेव्हा उठून भिंतीवरचा नोटिस बोर्ड वाचायला लागल्या. उद्याच्या पाळ्या वाचल्या. हॉस्टेलचे नियम वाचले, पहिल्यापासून, आंघोळीच्या गरम पाण्याच्या वेळेसकट. आवाज जराही हलला नाही.

चौदावं मिनिट संपत होतं. खट. खट.

मॅडमनी माईक दोन्ही हातांनी धरला. “अंतर?” म्हणून विचारायला गेल्या, आणि स्वतःच थांबल्या. म्हणाल्या, “छान. आता पडद्यावरच्या रेघेवर रहा, आणि घरी ये.”

सहा वाजून वीस मिनिटांनी ती उतरली. चाक तीनदा टेकलं. रेगे मॅडम धावपट्टीच्या कडेपर्यंत चालत गेल्या, आणि पंख्याचं फिरणं थांबायच्या आत ओरडल्या, “नर्मदा आणि बंजर यातला फरक कळत नाही तुला? जबलपूरची ना तू?” मग तिचं डोकं आपल्या खांद्यावर धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मी जरा लांबच थांबलो. केतकी जाताना मला म्हणाली, “थँक यू, सर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि दुबेजी त्या विमानात बसलो आणि सात महिन्यांपूर्वी व्हायची ती तपासणी केली. यंत्र सुरू केलं. पडद्यावर उपग्रहांच्या उभ्या पट्ट्या, आठ. टॉवरची फ्रिक्वेन्सी लावून मी बटण दाबून धरलं. विसाव्या सेकंदाला एक पट्टी बसली, मग दुसरी, मग एकदमच सगळ्या. दुबेजी म्हणाले, “आप सही थे, साहब.” मी बटण सोडलं. बरोबर असण्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नाही.

अँटेना शेपटीकडे हलवला, रेडिओच्या वायरीला एक फिल्टर बसवला, पुन्हा तपासलं, पट्ट्या जागच्या जागी राहिल्या. सगळं मिळून नऊ दिवस. मंजुरीच्या कागदावर सही करताना मी सात महिने आणि नऊ दिवस, असं मनातल्या मनात म्हटलं होतं. ते अजून म्हणतो.

घटनेचा अहवाल लिहायला लागतोच. त्यात एक रकाना असतो, मंजूर नसलेलं यंत्र कोणाच्या सांगण्यावरून वापरलं. मी माझं नाव लिहिलं. दुसरा रकाना, मंजुरी प्रलंबित असण्याचं कारण. तिथे मी लिहिलं, की त्रुटी शाळेची होती, परंतु तपासणी अर्ध्या तासाची असूनही अधिकाऱ्याने पाठपुरावा केला नाही, आणि त्यामागे तांत्रिक कारण नव्हतं. वरून खुलासा मागवला, मग आणखी एक मागवला. बढती दोन वर्षं लांबली. आमच्या घरी मोठा वाद झाला. सौभाग्यवतीचं एकच म्हणणं, “काहून लिहिलं? कोणी विचारलं होतं?”

“रकाना होता ना,” मी म्हणालो.

रेगे मॅडमना अहवालाची प्रत गेली होती. त्यानंतर त्यांच्या शाळेचा कुठलाही कागद अपुरा आला नाही, आणि माझ्याकडून कुठल्याही कागदाला आठवड्यावर वेळ लागला नाही. नवीन फाइल आली की आधी फोन उचलायचा, पत्र नंतर, हे मी नोकरी संपेपर्यंत पाळलं. उशिरा शिकलो.

आता सगळं सोपं झालं आहे. मंजूर यंत्रांच्या याद्या असतात, कागद कॉम्प्युटरवर जातात. माझ्या जागी आलेला अधिकारी तरुण आहे, हुशार आहे, कधी फोन करून जुनं काही विचारतो तेव्हा मला उगीच बरं वाटतं. शाळा बंद पडली. हँगरवर दुसऱ्याच कोणाची पाटी आहे. दुबेजी गेले, त्यांच्या चहातलं आलं अजून जिभेवर आहे. रेगे मॅडम पुण्याला परतल्या. केतकी मोठी विमानं चालवते, तिची आई मदन महलच्या भाजीबाजारात भेटली की सांगते, आज कुठे, उद्या कुठे. संध्याकाळच्या विमानाचा आवाज आला की मी अजून गच्चीवर जातो. पंख्याच्या लहान विमानाची घरघर मात्र वर्षानुवर्षं ऐकली नाही. तो आवाज मला सतारीपेक्षा गोड वाटायचा.

एक सांगायचं राहिलं. सही करायच्या आदल्या दिवसाची गोष्ट आहे. यंत्र उडताना कसं चालतं ते बघायला एक फेरी मारायची होती, आणि ती मंडल्याकडेच न्यायची असं मॅडमनी ठरवलं. केतकीला त्यांनी डाव्या सीटवर बसवलं. तिच्या घरचे तिला पुन्हा पाठवायला तयार नव्हते. मॅडमनी काय सांगून त्यांना वळवलं कोण जाणे. स्वतः त्या उजवीकडे बसल्या. मी नोंदी घ्यायची वही घेऊन खाली उभा होतो.

“मागे जागा आहे, पिंपळखुटे साहेब,” त्या म्हणाल्या. “आज खुर्ची वर घेऊन चला.”

एवढ्या साऱ्या लहान विमानांना मंजुरी दिली होती, त्यातल्या एकातही मी कधी बसलो नव्हतो. मी केतकीच्या मागे बसलो. मॅडमनी स्वतः माझा पट्टा बांधून दिला. बरगी धरणाच्या पाण्यावरून पुढे गेलो तशी जमीन पुसट होत गेली. काचेतून धुराचा वास आत येत होता. यंत्र छान चालत होतं, केतकी बोलत होती तरी पट्ट्या हलत नव्हत्या, मी वहीत तसं लिहीत होतो. मंडल्यावर आलो तेव्हा केतकीने मान न वळवता विचारलं, “सर, यातली नर्मदा कोणती?”

मी वहीतून वर बघितलं. नर्मदेच्या ग्वारीघाटावर मी पोहायला शिकलो. वडिलांच्या अस्थी त्याच पाण्यात सोडल्या. खाली त्या करड्या धुरात दोन फिकट पट्ट्या होत्या, सारख्या रुंदीच्या, सारख्या वळणाच्या. मी एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे. बराच वेळ घेतला, आणि उजवीकडची दाखवली.

“ती बंजर, सर.”

दोघींपैकी कोणी हसलं नाही. मी वही बंद केली.

“केतकी,” मी म्हणालो, “अजून एक चक्कर मारशील?”

“हो सर,” ती म्हणाली, आणि मला नीट दिसावं म्हणून तिने माझ्या बाजूचा पंख हळूच खाली केला.